पुडीवरची बाई

आमच्या येसराच्या पुडीवर जी बाई हसते ती मी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ती माझी धाकटी जाऊ आहे. पुडीतलं येसर माझ्या हातचं, पुडीवरचं चित्र कॉम्प्युटरवर मी केलेलं, चित्रातल्या बाईच्या अंगावरची साडीसुद्धा माझी. तोंड तेवढं तिचं. आणि पुडी हातात घेणारा माणूस आधी तोंडच बघतो.

हेवा वाटला असं लिहायला लोक कचरतात. 'थोडं वाईट वाटलं' म्हणतात, 'मनाला लागलं' म्हणतात. मला हेवा वाटला. चांगला पोटातून वाटला.

माझं माहेर नेकनूरच्या पुढं, एसटी जिथं वळून माघारी फिरते त्या गावात. वडिलांची पिठाची गिरणी. त्यांच्या भुवया मी काळ्या अशा फार कमी वेळा पाहिल्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस म्हणजे मी. पहिली मुलगी म्हणत नाही, पहिलं माणूस. माझे दोन्ही भाऊ दहावीच्या अलीकडंच थांबले. मी अंबाजोगाईला होस्टेलला राहून बी.ए. झाले, इंग्रजी विषय घेऊन. निकाल लागला त्या दिवशी वडील गिरणी बंद करून बीडला गेले आणि हिरवी इरकल साडी घेऊन आले, लाल काठाची. आमच्याकडं साडी लग्नात घेतात, सणाला घेतात, डोहाळजेवणाला घेतात. पोरगी पास झाली म्हणून साडी घेतलेला दुसरा बाप मी पाहिला नाही. ती साडी सगळ्या गावाने येऊन बघितली होती.

लग्न होऊन मी बीडला आले ते किराणा दुकानदाराच्या घरात. सासरे, म्हणजे मामा, दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची सून ग्रॅज्वेट हाय." गिऱ्हाईक म्हणायचं, "आस्सं? मग काय करतेत?" तिथं मामा अडायचे. कदाचित त्यामुळंच मी कॉम्प्युटरचा कोर्स करते म्हणाले तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. कोर्टामागच्या गल्लीत एक सेंटर नवंच निघालं होतं. दारात चपला काढून आत जायचं, आत थंडगार, मशिनांवर फुलाफुलांची कापडी झाकणं. कोर्स संपला तसं सेंटरच्या सरांनी मला तिथंच कामाला ठेवलं. अर्ज, लग्नपत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा, असलं काम. पत्रिकेच्या कोपऱ्यात गणपती नीट बसवायला बीडमध्ये माझ्याइतकं कुणाला येत नसे, हे मी नाही, सर म्हणायचे. मी रोज दुपारी हातात पर्स घेऊन गल्लीतून जायची तेव्हा ओट्यावर बसलेल्या बाया बोलायच्या थांबायच्या. मला ते आवडायचं.

मग धाकटी आली. अंबाजोगाईचीच, बारावी झालेली. गोरी, दात एका ओळीत, आणि फोटोत हमखास चांगली यायची. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझे डोळे कुठं मिटलेले, कुठं अर्धे उघडे. तिच्या अल्बममध्ये एक पान उलटून चुकीचं निघायचं नाही. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या माझ्याशी बोलायच्या ते कामाचं. तिच्याशी बोलायला लागल्या की मध्येच हसायच्या. मी त्या घरात आधी आले होते, पण त्यांना हसताना मी तिच्या येण्यानंतरच पाहिलं.

आता येसराचं. बाहेरच्यांना सांगायचं तर हा आमच्याकडचा कालवणाचा मसाला. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची, खोबरं, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मग दळायचं. घाई करून एकत्र भाजलं की गहू जळतो आणि डाळ कच्ची राहते. घरात भाजी नसली तरी उकळत्या पाण्यात येसर सोडलं की भाकरीपुरतं कालवण झालं. आत्याबाईंचं येसर दुकानात सुटं विकलं जायचं, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून. त्यांचे गुडघे धरायला लागल्यावर त्यांनी ते मला शिकवलं. धाकटीला नाही, कारण मिरची कढईत पडायच्या आधीच तिला शिंका सुरू व्हायच्या. "जा बाई तू, हितं बसू नगंस," असं आत्याबाई तिला म्हणायच्या. ज्या कामात आपण नको असतो ते काम किती हलकं असतं, ते मी चुलीपुढून बघायची.

त्या वर्षांत बाजार बदलत होता. दुकानादुकानाच्या दारात शांपूच्या, चहाच्या, मसाल्याच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या. नेकनूरकडची गिऱ्हाइकंसुद्धा विचारायची, "पॅकमधलं न्हाई का? सुटं नगं." एका रात्री जेवताना मामांनी सांगितलं, आपलं येसर आता पुडीत घालायचं. पुडी छापायची. आणि पुडीवर चित्र पाहिजे.

"लक्ष्मी टाकू," आमचे हे म्हणाले.

"पुडी फोडली की लोक फेकून देतेत," मामा म्हणाले. "कुटं पायाखाली, कुटं गटारीत. लक्ष्मी तिथं जाऊ द्यायची व्हय?"

"मग नंदी."

"नंदी तर न्हाईच न्हाई."

धाकटे दीर म्हणाले, "घरच्या बाईचा फोटो टाकू. मोठ्या कंपन्यांच्या पाकिटावर असतेत की बाया. आईचा टाकू."

आत्याबाईंनी भाकरी थापायची थांबवली. "माझं तोंड उकिरड्यावर पडलेलं बघायचं राहिलंय का तुमाला? शेरडं चघळत्याल ते."

दीर हसायला लागले तसे मामा त्यांच्यावर डाफरले. मामांचं म्हणणं असं की घरच्या बाईचा फोटो बाजारात फिरवणं बरं नाही, पण देवाचं चित्र चालत नाही आणि नुसती मिरची छापली तर आपलं येसर आणि दुसऱ्याचं येसर एकच. ते जरा वेळ ताटात बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "फोटो नगं. चित्र पायजे. पोरांच्या पुस्तकात असतंय तसलं, हसऱ्या तोंडाचं. बाई घरची वाटावी, पन कुणाची हाय ते कळू नये."

"कार्टून," मी म्हणाले.

"कार्टून तर कार्टून. येतंय तुला?"

"येतंय. फोटोवरनं करता येतंय कॉम्प्युटरवर. एक चांगला फोटो लागंल."

हे म्हणता म्हणता मी डोक्यावरचा पदर सारखा केला. का केला ते मला त्याच क्षणी कळलं. येसर मी करते, कॉम्प्युटर मला येतो, घरातली थोरली सून मी. माझ्या डोक्यात दुसरं तोंड आलंच नव्हतं.

मामा म्हणाले, "धाकटीचा काढा फोटो. तिचा बरा येतोय. थोरली हुशार हाय, ती करंल बाकीचं."

बाकीचं. धान्य निवडणं, भाजणं, दळून आणणं, चित्र करणं, पुड्या भरणं, हे सगळं त्या एका शब्दात बसलं. धाकटी खाली मान घालून वाढत होती. तिने माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मला राग आला असता.

खोलीत गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "तुमी कावून गप बसला?"

"काय बोलायचं त्यात?" हे म्हणाले. "तुला हुशार म्हनले की ते."

हुशार तर मी होतेच. ते मला कुणी द्यायची गरज नव्हती. जे नव्हतं ते मागावं तर मागता येत नव्हतं. माझं तोंड छापा, असं कुठली बाई तोंडाने म्हणेल?

फोटो गच्चीवर काढायचा ठरला. सकाळचं ऊन चांगलं म्हणून. धाकटी तिच्या लग्नातली चमचमती साडी नेसून आली. आत्याबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुझी ती हिरवी इरकल दे गं तिला. येसर करनारी बाई अशी सिनेमातल्यावानी आसती का?"

मी खाली गेले, ट्रंक उघडली. साडीच्या घडीत वडिलांनी दुकानातून आणलेला कागद अजून तसाच होता. तो काढून ठेवला आणि साडी वर नेऊन दिली. तिला इरकल नीट नेसता येईना, तेव्हा निऱ्याही मीच घातल्या. तिच्या कमरेला त्या पटकन बसल्या. माझ्या कमरेला इतक्या पटकन बसत नाहीत.

पुढ्यात रिकामी कढई ठेवली. धाकटीने उलथनं असं धरलं, जसं पेन धरतात.

"असं न्हाई धरत," मी म्हणाले. "मूठ वळ. मनगट खाली. खालचं वर आलं पायजे."

"कढईत तर काहीच न्हाई, अक्का."

"बघनाऱ्याला वाटलं पायजे हाय म्हनून."

दीर कॅमेऱ्यातून म्हणाले, "हस की जरा." ती आधीपासून हसतच होती. मी मागं पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते. माझ्या साडीत, माझ्या कढईपुढं ती बसलेली, आणि खरं सांगते, चांगली दिसत होती. वाईट दिसली असती तर मी तिला जन्मभर माफ केलं असतं.

रोल धुऊन आला. त्यातला एक फोटो घेऊन मी सेंटरला गेले आणि स्कॅनरवर पालथा ठेवला. उजेडाची पट्टी काचेखालून सरकत गेली आणि पडद्यावर वरून खाली धाकटी उतरत आली. आधी केस, मग कपाळ, मग ते हसू.

फोटोचं कार्टून आता शेंबडी पोरंही मोबाइलवर बोट लावून करतात. तेव्हा बसून करावं लागायचं. आधी माणसाला मागच्या जगापासून कापून वेगळं करायचं. मी टाकी कापली, शेजारणीचे वाळत घातलेले परकर कापले, आभाळ कापलं. मग सॉफ्टवेअरला सांगायचं, ह्या फोटोतले सगळे रंग काढून मोजके ठेव. त्याला पोस्टराइझ म्हणतात. सर ते बटण कितवं हे पाठ करून दाबायचे. मी ते वाचून, डिक्शनरीत बघून दाबायची. रंग कमी झाले की गालावरचा हलका उजेड, हनुवटीखालची सावली, हे सगळं जाऊन सपाट पट्टे राहतात. मग त्यावर काचेसारखा दुसरा थर घ्यायचा, पेनाचं टूल घेऊन चेहऱ्याची कड टिपत टिपत काळी रेघ ओढायची, आणि रेघेच्या आत एकेक रंग ओतायचा. शेवटी खालचा फोटो बंद केला की वर चित्र उरतं.

रंग कमी केले तेव्हा एक गोष्ट झाली. आमचं घर लिंगायत, बायकाही कुंकवाच्या वर विभूती लावतात. फोटोत धाकटीच्या कपाळावर ते तीन पांढरे पट्टे होते. सॉफ्टवेअरला ते ऊन वाटलं. त्याने कपाळाच्या उजेडात ते पुसून टाकले. कुंकू राहिलं, विभूती गेली. मी ती परत काढणार होते, पण मनात आलं आधी विचारावं. संध्याकाळी दुकानात मामांना विचारलं तर ते तागडी धरून थांबले.

"लक्ष्मी नगं म्हनलो ते कावून? पुडी पायदळी जाते म्हनून. मग विभूती कशी चालंल? नगं काढू. ऱ्हाऊ दे मोकळं."

"आन् कुंकू?"

"कुंकू ऱ्हाऊ दे. न्हाईतर लोक भलतंच इचारतील."

म्हणजे ती बाई आता आमच्या घरची राहिली नाही, कुणाच्याही घरची झाली. मला त्यात थोडं बरं वाटलं. धाकटीतला तेवढा भाग तरी पुसला गेला.

दुसऱ्या दिवशी मी तोंडाला हात घातला. कार्टून म्हणजे नुसती नक्कल नसते. काहीतरी मोठं करायचं असतं, त्याशिवाय मजा येत नाही. काय मोठं करायचं ते करणाऱ्याच्या हातात. मी तिचं नाक धरलं आणि थोडं ओढलं. मग आणखी थोडं. माउसने नाक ओढायला काही जोर लागत नाही. मग दात. त्या एका ओळीतल्या दातांचा सगळ्या घराला पुळका होता ना, तर मी ते मोठे केले, जिवणी कानापर्यंत नेली, गाल वर ढकलून डोळ्यांच्या चिरा केल्या. एवढं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

सर मागून येऊन उभे राहिले. "मॅडम, ह्या बाईंनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"जाऊ हाय माझी."

"मग बरोबर हाय," म्हणाले, आणि लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक आलं तिकडं गेले.

त्याच दुपारी धाकटी सेंटरवर आली. मी घाईत जेवण विसरून गेले होते, तर आत्याबाईंनी तिच्या हाती डबा पाठवला होता. ती बाहेर चपला काढून दारात थांबली. मशिनांवरची झाकणं, खुर्च्या, मी, सगळं बघत राहिली. मला पडदा झाकायला वेळ मिळाला नाही. खरं तर मी झाकणारही नव्हते. तिने ते नाक, ते दात पाहिले.

"अक्का, मी अशी हाय?"

"कार्टून हाय ते. असंच असतंय."

ती वाकून जवळून बघायला लागली. मी वाट बघत होते, तोंड पडेल, घरी जाऊन आत्याबाईंना सांगेल. तिला आधी पोटातून हसू आलं आणि मग ते थांबेना. "आमची आज्जी अशीच दिसायची ओ, डिट्टो. तिचं हसू गल्लीच्या तोंडाला ऐकू यायचं." डोळे पुसून म्हणाली, "अक्का, मला शिकवा की हे."

हे मला नको होतं. तोंड घे, साडी घे, आत्याबाईंचं हसू घे. ह्या खोलीत चपला काढून येणारी आमच्या घरातली मी एकटी होते. तेवढं एक माझं होतं.

"बघू," मी म्हणाले.

पण ती शेजारची खुर्ची ओढून बसली होती. सर समोर होते, नाही कसं म्हणणार? मी साडीचा रंग भरायचा राहिला होता तो तिला भरायला दिला. माउस कसा धरायचा ते सांगितलं. तिने हिरवा घेतला, साडीवर नेला आणि दाबलं. मी ओढलेल्या रेघेत मानेपाशी कुठंतरी फट राहिली होती. रंग त्या फटीतून निसटला आणि सगळी बाई हिरवी झाली. नाक, दात, हात, कुंकूसुद्धा.

मी शिकत होते तेव्हा माझ्याकडून असंच एकदा सगळं पान काळं झालं होतं. मी घाबरून मशिनला हात लावायची थांबले, घरी येऊन रडले, आणि पुढं बरेच दिवस माउस विस्तवासारखा धरायची. शिकलेलं माणूस चुकलं की त्याला वाटतं आपण सगळ्या खानदानाचं नाक कापलं. आणि ही माझ्या शेजारी बसून स्वतःचं हिरवं तोंड बघून खुर्चीवरून पडायची बाकी होती. सरही हसत होते. "एक पाऊल मागं घ्या," ते म्हणाले. मी मागं घेतलं, फट बुजवली. तिने परत दाबलं आणि साडी तेवढी हिरवी झाली. पहिल्याच दिवशी.

डबा मी तसाच घरी परत आणला.

सरळ नाकाचं, सारख्या दातांचं, शहाणं चित्रही मी केलं. मामांना दाखवायचं तेच. चांगलं झालं होतं, रेघ कुठं हललेली नव्हती. पण सरांनी दोन्हींचे प्रिंट काढून एकाच पाकिटात घातले, आणि मामांनी दुकानात पाकीट उघडलं तेव्हा दोन्ही बाया गल्ल्यावर शेजारी शेजारी पडल्या.

मामांनी चष्मा लावला. ह्यांनी शहाणं चित्र उचललं, "झ्याक झालंय." मामांनी त्यांच्या हातातून ते घेऊन बाजूला ठेवलं आणि मोठ्या दातांच्या बाईवर बोट ठेवलं.

"ही घ्या."

"मामा, ते कच्चं हाय," मी म्हणाले. "नाक बघा."

"नाक ऱ्हाऊ दे. ही बाई जेवून हसतीया. ती दुसरी नुसती फोटोला बसलीया."

मी जे रागाने ओढलं होतं तेच त्यांना आवडलं. आत्याबाईंनी ते चित्र हातात धरलं आणि त्यांनाही हसू फुटलं. मी काहीतरी केलं आणि आत्याबाई हसल्या, असं पहिल्यांदा झालं. पण त्या हसत होत्या ते धाकटीकडं बघत. "कशी गं काढली तुला थोरलीनं," असं तिलाच म्हणत.

पुड्या छापून आल्या. दुपारच्या वेळी आम्ही दोघी जावा खाली बसून पुड्या भरायचो, मेणबत्तीवर त्यांची तोंडं चिकटवायचो. शिंका येतात म्हणून ती नाकाला पदर बांधायची. तिच्या पुढ्यात तिचीच तोंडं रचलेली असायची आणि ती त्यांच्याकडं ढुंकून बघायची नाही. बघायची मी. मेणबत्तीची ज्योत जरा जास्त लागली की पुडी आक्रसायची आणि आधी केस, मग कपाळ जायचं. अशा पुड्या मी बाजूला टाकायची. एखादी जरा जास्त वेळ धरायची.

येसर खपायला लागलं. दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी असायची, तेव्हा पुरुष माणसं जेवायला गेली की आम्ही दोघी गल्ल्यावर बसायचो. अशाच एका दुपारी माझ्या माहेरच्या गावची एक बाई बाजाराला आली होती. मला तिने ओळखलं, वडिलांचं, गिरणीचं विचारलं. मग तिची नजर दोरीला लटकलेल्या पुड्यांवर गेली. तिने एक पुडी ओढून डोळ्यांजवळ धरली.

"अगं बया. ही तूच का गं पुडीवर?"

मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "साडी वळखली म्या. तुज्या बापानं पास झालीस म्हनून आनलीती ती. आक्ख्या गावानं बघिटली की. आन् हसनं बी तुजंच हाय, ल्हानपनी आशीच हसायचीस, सगळी बत्तीशी काढून."

मी लहानपणी कशी हसायची ते मला आठवत नाही. माझ्या शेजारी धाकटी साखर तोलत होती. जिचं तोंड ती बाई माझं म्हणून बघत होती, ती हातभर अंतरावर होती. इतके महिने मला जे पाहिजे होतं ते असं भर दुकानात, माझ्या गावच्या माणसाच्या तोंडून माझ्यापुढं आलं. गावात जाऊन ती वडिलांना सांगणार होती, तुमच्या पोरीचं तोंड छापलंय म्हणून. नाही म्हणावं तर ते जाणार. हो म्हणावं तर शेजारी ती उभी.

धाकटीने तागडीवरून मान वर केली. "व्हय, अक्काच हायत," म्हणाली. "येसर बी त्यांच्याच हातचं हाय. दोन पुड्या देऊ का?"

आणि साखरेचा पुडा बांधायला लागली. माझ्याकडं बघून डोळा मिचकावला नाही, उपकार केल्यासारखं तोंड केलं नाही. दोरा दातांनी तोडला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारलं. बाईने तीन पुड्या घेतल्या.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. जरा झालाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला ती बाई आठवेना, वडील आठवेनात. आठवत होता तो तिचा तागडीवरचा हात. मी ज्या गोष्टीसाठी महिनोन् महिने जळले ती तिने अशी देऊन टाकली, साखरेबरोबर. मला ते जमलं नसतं. माझ्याकडं असती तर मी ती गोष्ट मुठीत धरून बसले असते. आणि मग मला त्याचाच हेवा वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी सेंटरला निघताना मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि तिला म्हणाले, "चल. शिकायचं म्हनली होतीस ना."

आत्याबाईंनी माझ्याकडं चमकून पाहिलं. त्यांना वाटलं असेल थोरलीचं मन निवळलं. धाकटीने हात पुसले, चपला घातल्या, गल्लीभर माझ्या पुढं चालत गेली. ओट्यावरच्या बाया बोलायच्या थांबल्या, त्या आता दोघींसाठी.

मन वगैरे काही निवळलं नव्हतं. मला फक्त एवढंच बघायचं होतं की एखाद्या गोष्टीपाशी ती अडते का. शिकताना कुठंतरी तिचं तोंड पडतं का, चुकल्यावर तिला घाम फुटतो का. मी तिच्या खुर्चीच्या मागं उभी राहिले. तिने माउस धरला.

पुडी अजून निघते. चित्र तेच आहे. मध्ये दोनदा पुडीचा आकार बदलला, तेव्हा ते नव्याने बसवायचं काम धाकटीने केलं. आता आमचं स्वतःचं मशीन आहे आणि त्यापुढं ती बसते, मी मागं उभी असते. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, पुडीवरच्या बाईच्या केसांत नाही. ती कुठं अडते का, ते मी अजून बघतेच आहे.